जपानला जायचंय? आधी वडिलांचं पोतं उपसा



मागच्या महिन्यात पहूरला एका कार्यशाळेनंतर एक मुलगा थांबला. वय असेल पंचवीस-सव्वीस. जळगावला एमआयडीसीत नोकरी करतो, रोज येऊन-जाऊन. त्याच्याबरोबर त्याचे वडीलही होते. पस्तीस वर्षांपासून सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतात. मुलाने मोबाइल पुढे केला. त्यात एका परदेशी माणसाचा व्हिडिओ होता. तो जुन्या सायकलींचे सुटे भाग जमवतो. जपानला जातो, गल्लीबोळातली जुनी दुकानं पालथी घालतो, दोन बॅगा भरून गिअर, हँडल, पायडल घेऊन येतो आणि घरी टेबलावर मांडून दाखवतो. बघायला खरंच भारी वाटतं.

मुलगा म्हणाला, "सर, माझ्याकडे तीन लाखांची एफडी आहे. मोडतो आणि जपानला जाऊन येतो. माल आणून इकडे ऑनलाइन विकतो. तुम्हीच म्हणता ना, पॅशनलाच प्रोफेशन करा."

वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "सर, याले तुम्हीच काही सांगा. माह्या दुकानात पोतंभर जुना माल पडेल आहे, त्याले हात लावत नाही अन् जपानले जातो म्हणतो."

मला काय बोलावं कळेना. कारण ते वाक्य माझंच होतं. एका जुन्या व्हिडिओत मी ते मोठ्या जोशात म्हटलं होतं. आज ते अर्धं मागे घेतोय. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख. व्हिडिओत वेळेअभावी हिशोब पूर्ण मांडता आला नाही, तो इथे शांतपणे मांडतो.

आधी एक गोष्ट मान्य करू: जपानचं आकर्षण खोटं नाही

त्या मुलाला वेड्यात काढू नका. सायकलच्या सुट्या भागांचा शौक असलेल्या माणसाला जपान म्हणजे पंढरीच.

ओसाकाजवळ साकाई नावाचं शहर आहे. शेकडो वर्षं हे लोहारकामाचं गाव. आधी बंदुका, मग सुऱ्या-चाकू. परदेशातून सायकली यायला लागल्या, त्या मोडायला लागल्या, तेव्हा याच कारागिरांनी त्यांचे सुटे भाग बनवायला सुरुवात केली. म्हणजे बघा, धंदा सुरू झाला तो दुरुस्तीतून. याच साकाईत 1921 साली शोझाबुरो शिमानो नावाच्या तरुणाने छोटा कारखाना काढला. लेथ एकच, तोही उसना. त्याने बनवायला घेतलं काय? फ्रीव्हील. सायकलमधला त्या काळी करायला सगळ्यात अवघड भाग. आज जळगावच्या दुकानात पंधरा हजारांची गिअरची सायकल बघा, मागच्या गिअरवर बहुतेक वेळा 'शिमानो' लिहिलेलं दिसेल. त्या कंपनीचं साकाईत सायकलींचं संग्रहालयसुद्धा आहे. 1992 साली सुरू झालं, 2022 मध्ये नव्या इमारतीत गेलं.

दुसरं कारण केइरिन. जपानमध्ये 1948 पासून सायकल शर्यतींवर कायदेशीर पैज लावतात, त्या शर्यतींचं हे नाव. पैशांचा खेळ असल्यामुळे नियम कडक. शर्यतीच्या सायकलचा भाग मान्यताप्राप्त असला पाहिजे आणि त्यावर 'एनजेएस'चा शिक्का पाहिजे. त्यामुळे हँडल, क्रँक, पायडल, सीट असे उत्तम दर्जाचे भाग तिथे वर्षानुवर्षं बनत राहिले. खेळाडूंनी वापरून काढलेले भाग जुन्या बाजारात येतात आणि जगभरातले शौकीन ते उचलतात.

तिसरं कारण बंद पडलेल्या कंपन्या. सनटूर हे नाव शौकिनांना माहीत असतं. 1964 साली त्यांनी मागच्या गिअरची एक तिरकी रचना काढली आणि तिचं पेटंट घेतलं. पेटंटची मुदत संपली तशी ती रचना इतरांनीही घेतली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत मूळ कंपनी बाजारातून गेली. आता तिचा माल पुन्हा बनणार नाही, म्हणून जमवणाऱ्यांमध्ये त्याला किंमत.

तर मुलाचं बघणं चुकीचं नव्हतं. त्याचा हिशोब चुकीचा होता.

आता वही-पेन घ्या

खालचे आकडे उदाहरणादाखल धरलेत. तुम्ही तुमचे आकडे टाका, पण पद्धत हीच ठेवा.

विमान, व्हिसा, दहा दिवसांचं राहणं-खाणं, तिथला रेल्वे प्रवास मिळून 2,00,000 रुपये धरू. उरलेल्या एक लाखाचा माल घेतला. दोन बॅगांच्या वजनात बसतील असे 60 नग मिळाले. एका नगाची खरेदी साधारण 1,667 रुपये. मुलगा याच आकड्यावर खूश होता. "सर, इकडे तीन-साडेतीन हजाराला जाईल."

पण भाऊ, प्रवासाचे दोन लाख कोणाच्या खात्यात टाकायचे? तीन लाख भागिले साठ. एक नग तुला 5,000 रुपयांना पडला. म्हणजे साडेतीन हजाराला विकलास तर प्रत्येक नगामागे दीड हजार तोटा. साठ नगांचे नव्वद हजार गेले. त्यात दहा दिवसांचा पगार, पॅकिंग, कुरिअर आणि न विकला गेलेला माल अजून धरलेलाच नाही.

व्हिडिओतल्या माणसाचं गणित वेगळं आहे. तो विकायला माल आणत नाही, स्वतःच्या आनंदासाठी आणतो. त्याचा प्रवास हीच त्याची मजा, तो खर्च त्याला वसूल करायचाच नाही. संग्राहकासाठी दोन लाख म्हणजे सुट्टीचा खर्च, आणि व्यापाऱ्यासाठी तेच दोन लाख मालाच्या किमतीत चढतात. एकाच बॅगेचे हे दोन हिशोब आहेत. आपण बघतो त्याची सहल आणि लिहितो आपल्या धंद्याच्या वहीत. चूक इथे होते.

कायदा बॅग उघडून बघतो

हा भाग कुठलाच मोटिव्हेशनल व्हिडिओ सांगत नाही, म्हणून नीट वाचा.

प्रवाशाच्या सामानावर जी करसवलत मिळते ती स्वतःच्या वापराच्या वस्तूंसाठी असते. एकसारखे वीस गिअर बॅगेत सापडले तर कस्टम्सचा अधिकारी त्याला व्यापारी माल म्हणणार. सवलतीची रक्कमही वेळोवेळी बदलते, ती जाण्याआधी तपासायची.

विकायला माल आणायचा तर आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, काढावा लागतो. तो काढणं अवघड नाही. खरी अडचण पुढे आहे. यंत्रसामग्री सोडून इतर वापरलेला माल परदेशातून आणायला आपल्या परराष्ट्र व्यापार धोरणात परवानगी लागते. तो 'मुक्त' यादीत नाही. म्हणजे जुने, वापरलेले गिअर आणून विकणं हा धंदा पहिल्याच पायरीवर अडतो. नवीन माल आणता येतो, पण नव्या मालासाठी जपानच्या गल्ल्या फिरायची गरज काय?

आणखी एक. आपल्या राज्याबाहेर माल विकायचा असेल तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते. सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आलाय, हे चांगलंच. जुन्या वस्तूंच्या व्यापारात फरकावर कर भरायची सोयही आहे. पण हे सगळं आपल्या सीएला विचारून. माझा व्हिडिओ बघून नको.

मग आम्ही पोतं उपसलं

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी त्यांच्या दुकानात गेलो. काकांनी पोतं ओटलं. खरं सांगू, मलाही वाटलं होतं भंगार निघेल. भंगार निघालंच. वाकलेले चिमटे, गंजलेल्या चेन, डबाभर छर्रे, कप, कोन, कॉटर. हे किलोच्या भावानेच जाणार. त्यात भावनेला जागा नाही.

पण तळाशी इतर गोष्टीही होत्या. एक जुना तीन गिअरचा हब, नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा. काकांनी चिंधी रॉकेलमध्ये बुडवून पुसला. त्यावर 'एडब्ल्यू' ही अक्षरं आणि शेजारी दोन आकडे दिसले: 54. या कंपनीच्या हबवर बनल्याचं साल कोरलेलं असतं. म्हणजे तो 1954 सालचा. मुलगा बघतच राहिला. चामड्याच्या सीटचा एक सांगाडा निघाला, दोन डायनॅमो, पितळी घंट्या, आणि मुंबईच्या वरळीत कारखाना असलेल्या हिंद सायकल कंपनीचा बिल्ला. ती कंपनी पुढे सरकारने ताब्यात घेतली आणि नंतर बंदच पडली. तो बिल्ला आता कुठे नव्याने बनणार?

मी मुलाला विचारलं, "हा हब उघडून, साफ करून, परत बसवता येतो तुला?"

तो म्हणाला, "नाही."

काका म्हणाले, "माले येतो." आणि त्यांनी खरंच अर्ध्या तासात तो उघडून, आतल्या बारीक स्प्रिंगा बशीत मांडून, ग्रीस भरून परत बसवला. चाक फिरवलं. तिन्ही गिअर चालतात, ते आम्हाला दाखवलं.

मित्रांनो, त्या दुकानात सगळ्यात दुर्मिळ काय होतं? हब नव्हे, तो उघडणारा हात. हब नेटवर सापडेल. तो हात अजून किती वर्षं आहे? काकांचं वय चौसष्ट. गुडघे दुखतात. दुकान दोन वर्षांत बंद करायचं म्हणतात. मुलगा जपानहून साठ नग घेऊन येईल, तेव्हा ते उघडणारं घरात कोणी नसेल.

माझ्या मते खरी जोखीम इथे आहे. तीन लाख गेले तर ते पुन्हा कमावता येतील.

संग्रह म्हणजे ढीग नव्हे

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. 2017 साली सुरू झालं. शंभरावर जुन्या सायकली, शिवाय दिवे, पंप, घंट्या. त्यांच्या संग्रहाची सुरुवात झाली एका बीएसए पॅराट्रूपरपासून, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बनवलेल्या घडीच्या सायकलीपासून. ज्याला या विषयात उतरायचंय त्याने जपानच्या आधी पुण्याचं एसटीचं तिकीट काढावं. तिथे जाऊन सायकली बघाच, पण मांडणीही बघा. वस्तू कोणती, कुठली, कोणत्या काळातली, हे समजून मांडलं की संग्रह होतो. नाहीतर तोच माल भंगारवाल्याच्या गोडाऊनमध्येही असतो.

सुट्या भागाची किंमत त्याच्या माहितीत असते, हे पाठ करून ठेवा. 'जुना सायकल पार्ट' अशी जाहिरात केली तर दोनशे रुपयेही येणार नाहीत. 'स्टर्मी-आर्चर, तीन गिअर, 1954, उघडून साफ केलेला, तिन्ही गिअर चालू, सोबत व्हिडिओ' असं लिहिलं तर ज्याला पाहिजे तो स्वतः फोन करेल. शिमानोच्या जुन्या भागांवर दोन अक्षरं कोरलेली असतात, पहिलं सालाचं आणि दुसरं महिन्याचं. हे वाचायला शिकणं फुकट आहे.

आपल्याकडे हा रस्ता आधी कोणी चाललंय का? हो.

1888 साली बेळगावात एका मराठी माणसाने सायकलचं दुकान काढलं. त्याचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्या वेळी ते मुंबईत शिकवायची नोकरी करत होते. मुंबईहून सायकली घेऊन बेळगावला भावाकडे पाठवायच्या, असा तो उद्योग. लक्षात घ्या, नोकरी सोडली नव्हती. आणि फक्त सायकल विकून थांबले नाहीत, ती चालवायला शिकवायचे आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायचे. त्या दुकानातून हात यंत्राला लागला, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी.

तिकडे पंजाबात मुंजाल बंधूंनी आधी सायकलचे सुटे भाग विकले, मग बनवले आणि 1956 साली लुधियानात हीरो सायकल्स उभी केली. 1986 मध्ये जगातली सगळ्यात मोठी सायकल बनवणारी कंपनी म्हणून गिनीज बुकात नाव गेलं.

साकाई, बेळगाव, लुधियाना. तिन्हीकडे आधी हाताला काम कळलं. माल, कारखाना, नाव हे सगळं नंतर आलं. परदेशी बॅग भरून कोणीच सुरुवात केली नाही.

मग काय करायचं? नव्वद दिवसांचा कार्यक्रम

त्या मुलाला मी दिला तोच तुम्हालाही देतो. धंदा कोणताही असो, थोडा फेरफार करून चालेल.

1. एफडी मोडायची नाही. नोकरी सोडायची नाही. रविवार आणि रोजची एक तास संध्याकाळ, एवढंच भांडवल.

2. पहिले तीस दिवस पोत्याचे. तीन ढीग करायचे: भंगार, दुरुस्तीत वापरता येईल असा माल, आणि जपून ठेवायचा माल. तिसऱ्या ढिगातल्या प्रत्येक नगाला वहीत एक ओळ: कंपनी, साल, अवस्था, कुठून आला. पांढऱ्या कापडावर चार फोटो.

3. याच तीस दिवसांत वडिलांकडून शिकायचं आणि शिकताना मोबाइल स्टँडवर लावून रेकॉर्ड करायचं. हब उघडणं, चाकाचे आरे ओढून डग काढणं, चामड्याची सीट ताणणं. चॅनलचा विचार नको, आधी घरासाठी जपून ठेवा.

4. पुढचे तीस दिवस गिऱ्हाईक शोधायचे. पुण्या-मुंबईत जुन्या सायकलींचे शौकीन आहेत. नाशिककडे बघा, तिथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली अमेरिकेतली 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, तेव्हापासून तिथे सायकलचं वारं आहे. दहा माणसांशी बोला. विकू नका, फक्त विचारा: "तुम्हाला काय मिळत नाही?" उत्तरं लिहून ठेवा.

5. शेवटचे तीस दिवस रोख कमाईचे. इथे माझं ठाम मत आहे, जुन्या भागांवर घर चालणार नाही. घर चालेल ते गिअरच्या नव्या सायकलींच्या दुरुस्तीवर. आपल्याकडे गावोगावी पोरांना गिअरची सायकल घेऊन दिली जाते. दोन महिन्यांत गिअर अडकतो, जवळ कोणाला बसवता येत नाही, सायकल भिंतीला लागते. शिमानो आपल्या भागांची दुरुस्ती पुस्तिका वेबसाइटवर फुकट ठेवते. चित्रं आहेत, मापं आहेत. इंग्रजी जड गेलं तर चित्रं बघा. पहूर, जामनेर, शेंदुर्णी, फर्दापूर या पट्ट्यात 'गिअरच्या सायकलीचा मिस्तरी' म्हणून नाव झालं, तर रोजचा गल्ला तिथून येईल. जुना माल हा वरचा नफा.

नव्वद दिवसांनी वही उघडायची. किती नग विकले, किती सायकली दुरुस्त झाल्या, हातात किती राहिले. आकडा बोलेल, मी नाही.

"म्हणजे जपानला जायचंच नाही का?"

जायचं की! पण ओळखून जायचं. स्वतःच्या कमाईतून सुट्टी म्हणून जा, आनंदाने जा. किंवा शिकायला जा आणि तो खर्च शिक्षणाच्या खात्यात लिहा. साकाईचं संग्रहालय बघ, जुन्या दुकानात म्हाताऱ्या मालकाशेजारी उभा राहा, तो एक वाशर कसा कागदात गुंडाळून, नाव लिहून खणात ठेवतो ते बघ. ती सवय बॅगेत भरून आण. तिच्यावर कस्टम्स लागत नाही.

आणि एक गंमत बघा. पहूरपासून तासाभराच्या आत अजिंठा आहे. तिथे दरवर्षी जपानी माणसं इतक्या लांबून येतात, कशासाठी? आपल्याकडची जुनी वस्तू बघायला. लेण्यांच्या परिसराचं जतन आणि विकास व्हावा म्हणून त्यांच्या सरकारने कर्जही दिलं. आपल्याच गावातून पाचोरा-जामनेरची छोटी गाडी जात होती. 2020 मध्ये ती थांबली, आणि मग आपण सगळे तिचे जुने फोटो स्टेटसला ठेवायला लागलो. चालू होती तेव्हा कितीजणांनी तिचं तिकीट जपून ठेवलं?

म्हणून 'पॅशनलाच प्रोफेशन करा' हे माझं वाक्य मी असं दुरुस्त करतो: पॅशनला आधी हातात येऊ द्या, मग वहीत येऊ द्या, आणि वही हो म्हणाली तरच प्रोफेशन करा. वही नाही म्हणाली तर? तर छंद म्हणून ठेवा. छंद असणं हा काही गुन्हा नाही. प्रत्येक आवडीतून पैसे निघालेच पाहिजेत हे आम्ही ट्रेनर लोकांनीच तुमच्या डोक्यात भरवलंय, त्यातला माझा वाटा मी कबूल करतो.

परवा मुलाचा फोन आला होता. एफडी शाबूत आहे. तिसऱ्या ढिगात एकतीस नग निघालेत, वहीत नोंद झाली. त्यातले दोन विकले गेले. रक्कम फार नाही, त्यात जपान सोडा, पुणेही नीट होणार नाही. पण आता रविवारी दुकानात बापलेक दोघं बसतात. मागच्या रविवारी एका गिऱ्हाइकाची गिअरची सायकल आली. काकांना गिअर जमत नव्हता, मुलाने पुस्तिकेतलं चित्र बघून बसवला.

काका फोनवर मागून ओरडून म्हणाले, "सर, पैसे त्याच्याच गल्ल्यात टाकले बरं का!"

तुमच्या घरातही असं एखादं पोतं असेल. शिवणयंत्राचं, रेडिओचं, सुतारकामाच्या अवजारांचं. या रविवारी ते उघडा. आणि उघडताना ज्याचं आहे त्याला शेजारी बसवा.